वाग्दानापूर्वींचा बिल्ला

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें आज अमेरिकेंतील विद्यापीठांत शिकत आहेत, आणि त्यांच्याकडून दूरध्वनीवर येणाऱ्या हकीकतींत अधूनमधून एक शब्द ऐकूं येतो, त्याचा उलगडा घरांतील वडील माणसांस होत नाहीं. मुलगा किंवा मुलगी सांगते कीं, आपला अमुक एकाशीं स्नेह आहे व आतां आम्ही दोघें ‘एक्स्क्लुझिव्ह’ झालों आहों. आजीबाई विचारतात, म्हणजे लग्न ठरलें काय? उत्तर येतें, नाहीं. मग नुसती मैत्री काय? उत्तर येतें, तसेंही नाहीं. यावर घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष ‘ठरलें’ असें धरून चालतो आणि मावशीला, काकांना कळवून मोकळा होतो. दुसरा पक्ष ‘चार महिन्यांचें खूळ’ म्हणून हात झटकतो. आमच्या मतें दोन्ही पक्षांकडून त्या मुलावर सारखाच अन्याय होतो. या शब्दामागें त्या देशांतील कॉलेजांचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो ठाऊक असल्यावांचून शब्दाचें वजन किती धरावें, हें कळावयाचें नाहीं.

अमेरिकेंत तरुणतरुणींनीं जोडीनें हिंडावें ही चाल पूर्वापार आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील सुस्थित मध्यम वर्गांत तरुणानें मुलीच्या घरीं भेटीस जावें, असा परिपाठ होता; आणि तोही आपण होऊन नव्हे, तर मुलीच्या आईनें, किंवा मुलगी वयानें मोठी असल्यास तिनें स्वतः, बोलावलें तरच. दिवाणखान्यांत बसावें, मुलीनें पियानो वाजवावा, थोडा फराळ व्हावा, आई शेजारच्या खोलींत असावी आणि घड्याळाकडे पाहून पाहुण्यानें उठावें. नको असलेला तरुण दाराशीं आला तर ‘बाई घरांत नाहींत’ एवढा मोलकरणीचा निरोप पुरे होई. अशा भेटीला खर्च जवळजवळ नव्हता, आणि आमंत्रणाची किल्ली सर्वस्वीं घरच्या बायकांच्या कमरेला होती.

पण ज्यांना दिवाणखानाच नव्हता त्यांनीं काय करावें? शिकागो-न्यूयॉर्कसारख्या शहरांत एका खोलींत सारें बिऱ्हाड थाटणाऱ्या कामकऱ्यांच्या मुलींना भेटीस बोलावण्यास जागा कोठली! त्यांच्या भेटी बागेंत, रस्त्यावर, नाचगृहांत होत. ‘डेट’ हा शब्द या अर्थानें १८९६ सालीं शिकागोच्या एका वर्तमानपत्रांतील जॉर्ज एड यांच्या सदरांत आढळतो, आणि तेथेंही तो एका साध्या कारकुनाच्या तोंडीं आहे. पुढें वीस-पंचवीस वर्षांत ही गरिबांची चाल श्रीमंतांच्या मुलांनीं उचलली. मोटारी आल्या, सिनेमागृहें आलीं, आणि दिवाणखाना ओस पडला. बेथ बेली या अमेरिकन इतिहासकार बाईंनीं १९८८ सालीं या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ओसरीपासून मोटारीच्या मागल्या बैठकीपर्यंत, अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. त्यांत त्यांनीं एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. बाहेर जावयाचें म्हणजे पैसे पडणार. पैसे पुरुष देणार. म्हणून बोलावण्याचा हक्कही पुरुषाकडे गेला. मुलीनें आतां वाट पाहावयाची! ज्याला आपण सरसकट स्त्रीस्वातंत्र्य म्हणून नांवाजतों किंवा नांवें ठेवतों, त्यांत मुलीच्या हातचा एक हक्क निसटला, हें आमच्या वाचकभगिनींनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे.

कॉलेजांत स्त्रीपुरुषांनीं एकत्र शिकण्याची सुरुवात ओहायो राज्यांतील ओबर्लिन येथें १८३७ सालीं झाली. आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजांत शिकल्या तें केवळ स्त्रियांचें होतें. त्यांच्या पदवीदान-समारंभासाठीं १८८६ सालीं पंडिता रमाबाई तेथें गेल्या आणि पुढें १८८९ सालीं त्यांनीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक मराठींत लिहिलें. तेथील स्त्रियांच्या शिक्षणाचें त्यांना मोठें कौतुक. मात्र त्यांनीं पाहिलेली अमेरिका दिवाणखान्याची होती. त्यांच्यामागून अर्ध्या शतकानें तेथील कॉलेजांत जें घडूं लागलें, तें पाहण्यास त्या नव्हत्या.

तें पाहिलें विलर्ड वॉलर या समाजशास्त्रज्ञानें. ते पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजांत शिकवीत असत आणि १९३७ सालीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, कॉलेजांतील हें हिंडणेंफिरणें म्हणजे जोडीदाराचा शोध नव्हेच. तो प्रतिष्ठेचा बाजार आहे. मुलगा कोणत्या मंडळाचा सभासद, त्याच्या खिशांत किती पैसे, नाचतो कसा, मोटार मिळवूं शकतो कीं नाहीं, यांवर त्याची पत ठरे. आणि मुलीची पत ठरे तिला किती जणांकडून बोलावणें येतें यावर. वसतिगृहांतील मुली दूरध्वनीवर बोलावणें आलें म्हणजे चटकन् जात नसत. आपलें नांव दोनचारदां पुकारलें जाऊन सगळ्या माडीला ऐकूं जावें, एवढा वेळ थांबत! नाचाच्या सभेंतही तेंच. एका मुलीबरोबर कोणी नाचत असतां दुसऱ्यानें येऊन त्याच्या खांद्याला हात लावावा व जागा घ्यावी, हा शिष्टाचार होता. जिला घेण्यास कोणीच पुढें येत नसे व एकाच पुरुषाबरोबर सारी रात्र काढावी लागे, ती हिरमुसून घरीं जाई. म्हणजे त्या पिढींत एकनिष्ठा हें नामुष्कीचें लक्षण होतें. वॉलर यांनीं रंग अंमळ भडक भरला, असें पुढील कित्येक समाजशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. मुलेंमुली खाजगींत इतकीं कोरडीं नसावींत. पण चित्राची रूपरेषा खोटी नाहीं.

मग दुसरें महायुद्ध आलें आणि हें सारें उलटें झालें. तरुण लढाईवर गेले, कित्येक परत आले नाहींत. जे आले ते वयानें व मनानें प्रौढ होऊन आले. सरकारनें १९४४ सालीं कायदा करून त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, तेव्हां १९४७ सालीं कॉलेजांत नांव घालणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्मे हे परतलेले सैनिक होते. त्यांतील कित्येक तर बायकामुलांसह कॉलेजच्या आवारांत तात्पुरत्या झोंपड्यांत राहून शिकले. लग्नाचें वय झपाट्यानें खालीं आलें. १९५६ सालीं त्या देशांत पहिल्या लग्नाच्या वेळीं मुलींचें मध्यम वय २०.१ वर्षें व मुलांचें २२.५ वर्षें होतें. त्या शतकांत तें याहून खालीं गेलें नाहीं. अशा दिवसांत दहाजणांच्या बोलावण्यापेक्षां एकाचा भरंवसा मोलाचा वाटूं लागला, यांत नवल तें कसलें?

त्या भरंवशाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिली पायरी म्हणजे ‘स्टेडी’ होणें : दोघांनीं दुसऱ्या कोणाबरोबर जावयाचें नाहीं. खूण म्हणून मुलगा आपल्या वर्गाची मुद्रा असलेली अंगठी मुलीस देई. ती तिच्या बोटांत ढिली होई, म्हणून ती आंतून लोंकर गुंडाळी किंवा साखळींत ओवून गळ्यांत घाली. ही चाल शाळेंतील पोरांतही होती आणि तिच्यावर आईबापांचा व पाद्र्यांचा रोष असे. कॉलेजांतली खरी पायरी दुसरी, ती बिल्ल्याची.

बिल्ला समजण्यास तेथील मंडळें समजलीं पाहिजेत. १८२५ पासून, न्यूयॉर्क राज्यांतील युनियन कॉलेजांत आरंभ होऊन, ग्रीक अक्षरांचीं नांवें असलेलीं विद्यार्थ्यांचीं बंधुमंडळें निघालीं. १८७० च्या सुमारास तशींच भगिनीमंडळें निघालीं. यांचीं स्वतःचीं घरें, स्वतःच्या शपथा, गुप्त विधि. प्रत्येक सभासदास एक लहानसा सोन्याचा, कधीं मोत्यांची कड असलेला, बिल्ला मिळे, आणि तो छातीवर डाव्या अंगास लावावयाचा. कित्येक मंडळांच्या नियमांत बिल्ला ही मंडळाची मालमत्ता समजली जाते व सभासदाखेरीज कोणी तो लावूं नये असा दंडक असतो. असें असून, तरुणानें आपला बिल्ला काढून मुलीच्या पोलक्यावर लावला म्हणजे तिला ‘पिन’ झाली असें म्हणत, आणि सर्व मंडळास तें मान्य असे. लोक त्याचा अर्थ असा करीत कीं, साखरपुडा करूं असें ठरलें आहे. लग्नाचें वचन नव्हे, वचनाचें वचन.

तें गुपचूप होत नसे. रात्रीं त्या तरुणाचे सारे मंडळबंधु मुलीच्या घराखालीं जमत व गाणीं म्हणत. ती आपल्या मैत्रिणींसह, हातांत मेणबत्त्या घेऊन, पायऱ्यांवर उभी राही. भगिनीमंडळांत आणखी एक मौजेचा विधि होता. मुली वर्तुळ करून दिवे मालवीत व एक पेटलेली मेणबत्ती हातोहात फिरवीत. बातमी कोणाची हें कोणास ठाऊक नसे. मेणबत्ती अमुक फेऱ्यांनंतर फुंकली तर बिल्ला मिळाला, त्याहून एक फेरी अधिक झाल्यावर फुंकली तर साखरपुडा झाला, असा प्रत्येक मंडळाचा संकेत ठरलेला. फुंकर पडली कीं एकच कल्लोळ होई. नवरदेवाचे हाल निराळेच. कांहीं कॉलेजांत मंडळबंधु त्याला उचलून तळ्यांत टाकीत. आपल्याकडे मेव्हणे जोडे लपवितात, त्यांतलाच हा प्रकार!

आतां आपल्या चालींशीं हें ताडून पाहूं. पाहणें, पसंती, याद्या, साखरपुडा, सीमांतपूजन अशा आपल्याही पायऱ्या आहेत. आणि प्रत्येक पायरीवर कोणास कळवावयाचें व मोडल्यास कोणी कोणाकडे जाऊन सांगावयाचें, हें घरोघरीं ठाऊक असतें. वाङ्निश्चयांत शब्द देतो मुलीचा बाप आणि घेतो मुलाचा बाप. अमेरिकन बिल्ल्यांत शब्द देतो मुलगा स्वतः व घेते मुलगी स्वतः. हा भेद उघड आहे. पण साक्षीदार दोन्हींकडे आहेत : आपल्याकडे सोयरे, तिकडे सवंगडी. बिल्ला परत करणें हीही उघड गोष्ट होती. काल छातीवर असलेली खूण आज नाहीं, हें सकाळच्या न्याहारीलाच सर्वांस दिसे आणि कोणी पुसत नसे. मोडलेल्या शब्दाची वाच्यता न करतां ती सर्वांस कळविण्याचा हा मार्ग आम्हांस फार सभ्य वाटतो. मुलींची त्यांत सोय होती, पण तोशीसही त्यांनाच अधिक होती, हेंही सांगितलें पाहिजे. दोनदां बिल्ला परत करणाऱ्या मुलीविषयीं जें बोललें जाई, तें दोनदां परत घेणाऱ्या मुलाविषयीं बोललें जात नसे.

आणि साक्षीदार म्हटले कीं त्यांची निवड आली. बिल्ला कोणाच्या छातीवर आहे यापेक्षां तो कोणत्या मंडळाचा, हें अगोदर पाहिलें जाई. मंडळांची पायरी असे व बरोबरीच्या मंडळांतच जोड्या जमाव्यात अशी अपेक्षा असे. कित्येकांच्या नियमांत कृष्णवर्णीयांस व ज्यूंस प्रवेश नव्हता. ॲमहर्स्ट कॉलेजांतील फाय कापा साय मंडळाच्या शाखेनें एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास घेतलें, म्हणून १९४८ सालीं मध्यवर्ती मंडळानें ती शाखाच तोडली. ‘तेथें मुलें आपल्या मर्जीनें जमवितात’ असें आपण म्हणतों. पण आपल्याकडे जें टिपणांत व कुळींत पाहिलें जातें, तेंच तिकडे त्या सोन्याच्या तुकड्यावरच्या अक्षरांत पाहिलें जात होतें. ज्यांनीं आपल्या पोटजातीपलीकडचें स्थळ कधीं पाहिलें नाहीं, त्यांनीं अमेरिकनांस हंसण्याची घाई करूं नये, आणि त्यांच्या स्वातंत्र्यानें दिपूनही जाऊं नये.

शब्दाला तारण काय, हा प्रश्न त्या देशाच्या कायद्यालाही पडला होता. पूर्वीं तेथें लग्नाचें वचन मोडणाऱ्या पुरुषावर स्त्रीला दावा लावतां येई. १९३५ सालीं इंडियाना राज्यानें असे दावे बंद केले आणि पुढील दहा वर्षांत बऱ्याच राज्यांनीं तिचें अनुकरण केलें. मार्गारेट ब्रिनिग या कायदेपंडित बाईंनीं १९९० सालीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, हिऱ्याच्या अंगठीची मागणी वाढूं लागली ती नेमकी याच वेळीं. कोर्टाचा आधार गेला, तेव्हां स्त्रियांनीं हातांत तारण घेतलें. हिरा चिरंतन आहे अशी प्रसिद्ध जाहिरात डी बीअर्स कंपनीनें १९४७ सालीं काढली, पण मागणीची वाढ तिच्याआधींची आहे. हा युक्तिवाद आम्हांस पटतो. स्त्रीधनाचा अर्थ ज्या समाजाला कळतो त्याला तो पटावाच. बिल्ल्याचें सोनें मात्र तोळ्याच्या हिशेबांत धरण्यासारखें नव्हे. त्याचें तारण होतें तें सवंगड्यांतील नांव.

हें सारें टिकलें तें वसतिगृहाच्या दाराला रात्रीं कुलूप लागे तोंवर. मुलींनीं अमुक वाजतां परत आलेंच पाहिजे, बाहेर जातांना वहींत नांव लिहिलें पाहिजे, असे नियम होते व कॉलेज स्वतःस पालक समजे. १९६१ सालीं अलाबामांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एका खटल्यांत, चौकशीवांचून सरकारी कॉलेजाला विद्यार्थ्यास काढतां येणार नाहीं, असा निकाल झाला आणि त्या पालकत्वाचा पाया ढांसळला. १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजची एक विद्यार्थिनी नियम मोडून आपल्या मित्रासह बाहेर राहते, यावर देशभर वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला; कॉलेजनें शिक्षा ठरविली ती उपाहारगृहांत जाण्याच्या बंदीची! नियम गेले, मंडळांचा रुबाब उतरला, व्हिएतनामच्या युद्धानें मुलांचीं मनें दुसरीकडे गेलीं, आणि बिल्ल्याची चाल मागें पडली. कांहीं कॉलेजांत ती अजून आहे. पण सर्वांस समजणारी खूण म्हणून ती उरली नाहीं.

त्या रिकाम्या जागेंत ‘एक्स्क्लुझिव्ह’ हा शब्द आला आहे. मधल्या काळांत एक नवी खूण मिळाली होती : २००४ सालीं हार्वर्डांत फेसबुक निघालें, त्यांत आपण कोणाशीं जोडलेले आहों हें लिहिण्यास एक रकाना होता, आणि कांहीं वर्षें तो रकानाच बिल्ल्याचें काम करी. आजचीं मुलें तेथें फारसें कांहीं लिहीत नाहींत. आतां दोघें बसून बोलतात, दुसऱ्या कोणाबरोबर जावयाचें नाहीं असें ठरवितात, आणि उठतात. गाणीं नाहींत, मेणबत्ती नाहीं, सोनें नाहीं. वचन पहिल्या पायरीचेंच आहे, अंगठींत लोंकर गुंडाळणाऱ्या मुलीचें. पण त्याच्यापुढें जें अंतर आहे तें तेवढें राहिलें नाहीं. १९५६ सालच्या मुलीला स्टेडीपासून लग्नापर्यंत एखादें-दोन वर्षें काढावीं लागत. २०२० सालीं तेथील मुलींचें लग्नाचें मध्यम वय २८ च्या पुढें गेलें होतें. एकोणिसाव्या वर्षीं दिलेला शब्द नऊ-दहा वर्षें, दोन पदव्या आणि तीन गांवें ओलांडून न्यावयाचा आहे, आणि तो वाहणारीं खांदे दोनच आहेत.

म्हणून घरच्यांनीं या शब्दाला साखरपुडा समजूं नये. तसें समजून मुलीवर नातेवाइकांच्या अभिनंदनाचें ओझें घातलें, तर मोडतांना तिला दहा घरीं तोंड द्यावें लागेल, आणि त्या भयानें ती न मोडावयाचें तेंही मोडील किंवा मोडावयाचें तें ओढीत राहील. पण त्याला पोरखेळही म्हणूं नये. दूर देशीं एकटें असलेलें मूल आपण होऊन घरीं हा शब्द उच्चारतें, तेव्हां तें साक्षीदार शोधीत असतें. त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. तुम्हां दोघांच्या मित्रमैत्रिणींना हें ठाऊक आहे काय? आणि शिक्षण संपल्यावर दोघांनीं कोठें राहावयाचें, हें बोलणें झालें आहे काय? पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ आलें तर थोडें थांबून, एकटीशींच, आणखी विचारावें. जो आपल्या सवंगड्यांपासून हें लपवितो, त्याच्या शब्दाला त्याच्याच देशांतील जुन्या रीतीप्रमाणें बिल्ला मिळाला नसता. दुसऱ्याचें उत्तर बहुधा ‘अजून नाहीं’ असेंच येईल, आणि त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. आजीबाईंना मात्र हा संवाद ऐकूं द्यावा. ‘ठरलें काय?’ हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीं. फक्त तो चारपांच वर्षांनीं विचारावयाचा आहे, आणि तोंवर मावशीकडे निरोप धाडावयाचा नाहीं.